तड्याचे रंगीत चित्र पुरेसे नाही, इनपुट फाइलही जोडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की ‘रुळाला तडा, लोकल उशिरा’ ही बातमी ठरलेलीच. अशा तड्यांची संगणकावरची गणिते अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्प-अहवालांत कशी मांडतात, याबद्दल हे पत्र आहे. बातमीमागचे गणित मात्र कधी छापून येत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. सलग वेल्ड केलेल्या लांब रुळाला आकसायला जागा नसते. ज्या तापमानाला तो ताणमुक्त करून बसवला, त्याखाली पारा उतरला की रुळात ओढ तयार होते. पोलादाचा प्रसरणांक साधारण ०.००००११५ आणि यंग मापांक (ताठरतेचे माप) २१० गिगापास्कल धरला, तर दर अंशाला सुमारे २.४ मेगापास्कल आणि २० अंशांना ४८ मेगापास्कल. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचे छेदक्षेत्र सुमारे ७,६७० चौरस मिलिमीटर आहे, म्हणजे ही ओढ ३७० किलोन्यूटनची, ३७-३८ टनांच्या वजनाइतकी झाली. अखंड रूळ एवढे सहज सोसतो. पण वेल्डमध्ये दोष असेल किंवा रुळाच्या माथ्यात आडवी भेग वाढत असेल, तर चाकाखालचे वाकणे आणि रूळ घडवताना आत राहिलेले ताण यांत भर घालतात आणि पहाटेच्या एखाद्या गाडीखाली रूळ तुटतो.

भेग किती लांब झाली की धोका, ती कुठल्या दिशेने जाईल, किती भाराला वाढू लागेल, याची उत्तरे फायनाइट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून आणि त्यांना जोडणाऱ्या बिंदूंवर (नोड) समीकरणे सोडवून, काढता येतात. या तुकड्यांच्या जाळीला मेश म्हणतात. त्यासाठी लागणारे चांगले सॉफ्टवेअर आज मुक्त आणि विनामूल्य आहे. तरीही आपल्या बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा विषय महागड्या परवान्यावर, नोडांची मर्यादा घातलेल्या विद्यार्थी-आवृत्तीवर किंवा सरळ चोरीच्या प्रतीवर शिकवला जातो. चोरीच्या प्रतीचे नैतिक अंग उघड आहे. त्याहून आम्हाला खटकते ते हे की, विद्यार्थी बटणे दाबायला शिकतो आणि आत कोणते समीकरण सुटले हे त्याला कधीच दिसत नाही.

उपलब्ध काय आहे ते आधी सांगतो. फ्रान्सच्या ईडीएफ या वीज कंपनीने आपल्या प्रकल्पांसाठी घडवलेले ‘कोड-अॅस्टर’ २००१ पासून मुक्त परवान्यावर आहे. तड्यासाठी ऊर्जा-मोचन दर (भेग वाढताना दर क्षेत्रफळामागे सुटणारी ऊर्जा) आणि ताण-तीव्रता गुणांक (टोकाजवळचा ताण किती तीव्र आहे याचे माप) काढण्याच्या आज्ञा त्यात तयार मिळतात. अडचण एवढीच की आज्ञांची नावे आणि मूळ कागदपत्रे फ्रेंच वळणाची आहेत. म्युनिकच्या एमटीयू या विमान-इंजिन कंपनीतील गीडो ढोंट आणि क्लाउस विटिग यांनी लिहिलेले ‘कॅल्क्युलिक्स’ हे अबाकस या व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या धर्तीची इनपुट फाइल (गणिताचे सगळे वर्णन असलेली मजकूर-फाइल) वाचते, त्यामुळे अबाकसवर हात बसलेल्याला ते आठवड्यात जमते. विंडोजवर माऊसने काम करायचे असेल तर त्याला ‘प्रीपोमॅक्स’ची जोड द्यावी. अमेरिकेच्या आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेचे ‘मूस’ २०१४ मध्ये खुले झाले. त्यात घन-यांत्रिकी, फेज-फील्ड (याबद्दल पुढे) आणि एक्सएफईएम (मेश न बदलता तडा मांडणारी पद्धत) अशी स्वतंत्र मॉड्यूल आहेत. ‘फेनिक्स’मध्ये समीकरण जवळजवळ कागदावर लिहितो तसेच पायथॉनमध्ये लिहिता येते. शिकवण्यासाठी एकच निवडायचे झाले तर आम्ही फेनिक्स निवडू. मेश पाडायला ‘जीमेश’ आणि निकाल पाहायला ‘पॅराव्ह्यू’, हे दोन्ही कशासोबतही चालतात.

आता मुख्य दुखणे. अंतिम वर्षाच्या प्रकल्प-अहवालात तडा असलेल्या पट्टीचे रंगीत चित्र असते, टोकाशी लाल ठिपका असतो आणि खाली ‘कमाल ताण ८१२ मेगापास्कल’ असे काहीतरी लिहिलेले असते. तो आकडा निरर्थक आहे. रेषीय स्थितिस्थापक सिद्धांतात तड्याच्या टोकापासून र अंतरावर ताण १/√र प्रमाणे वाढतो, टोकावर तो अनंत होतो. एलिमेंटचा आकार निम्मा केला की टोकाजवळचा छापील ताण सुमारे १.४ पट होतो, पाव केला की दुप्पट. म्हणजे ८१२ हा आकडा पदार्थाचा नसतो, मेशचा असतो. त्याची पदार्थाच्या ताकदीशी तुलना करून ‘डिझाइन सुरक्षित’ असे लिहिणे धोक्याचे आहे. मेश जाड ठेवली की कुठलाही तडा सुरक्षित दिसतो.

मेश बारीक करत गेल्यावर स्थिरावतो तो ताण-तीव्रता गुणांक. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने पहिले गणित उत्तर आधीच माहीत असलेले करावे. २० मिलिमीटर रुंदीची लांब पट्टी घ्यावी, उंची रुंदीच्या किमान तिप्पट ठेवावी, एका कडेपासून मध्यापर्यंत १० मिलिमीटरचा तडा द्यावा आणि दोन्ही टोकांना १०० मेगापास्कलची सारखी ओढ लावावी. हस्तपुस्तिकेतल्या सूत्राने या प्रमाणाला भूमिती-गुणांक २.८३ येतो. म्हणून उत्तर २.८३ × १०० × √(३.१४१६ × १०), म्हणजे सुमारे १,५८६ मेगापास्कल √मिलिमीटर. मीटरमध्ये नेण्यासाठी ३१.६२ ने भागा, ५० आले. संगणकाचे उत्तर यापासून दोन टक्क्यांहून जास्त लांब असेल तर पुढे जाऊ नये. इथे नेहमीची चूक म्हणजे टोकांना समान ताणाऐवजी समान विस्थापन देणे. मग पट्टीला मोकळेपणी वाकता येत नाही आणि गुणांक बराच कमी येतो. गणित बरोबरच सुटलेले असते, फक्त ते वेगळ्या प्रश्नाचे असते.

टोकाभोवती द्विघाती एलिमेंट घेऊन त्यांच्या बाजूंवरचे मधले नोड टोकाकडे सरकवून पाव अंतरावर ठेवले, तर १/√र ची चढण त्या एलिमेंटमध्ये आपोआप येते. ही १९७०च्या दशकातली युक्ती आजही सर्वांत स्वस्त आहे. कॅल्क्युलिक्समध्ये तड्याच्या एका कडेचे उभे विस्थापन वाचून गुणांक हातानेही काढता येतो: विस्थापन गुणिले यंग मापांक, भागिले ४, गुणिले √(२π/र). समतल विकृती (जाडीच्या दिशेने आकार बदलू न शकणे) असेल तर यंग मापांकाला आधी (१ − प्वासाँ गुणोत्तराचा वर्ग) याने भागायचे; प्वासाँ गुणोत्तर म्हणजे ओढल्यावर आडवे आकसण्याचे प्रमाण. टोकाच्या अगदी लगतचा नोड घेऊ नये. चार-पाच अंतरांवरची उत्तरे आलेखावर मांडून रेघ शून्यापर्यंत न्यावी. आणखी एक, कॅल्क्युलिक्सला समतल एलिमेंट झेड = ० या प्रतलातच लागतात. जीमेशमध्ये भूमिती दुसऱ्या प्रतलात काढली की गणित सुरूच होत नाही आणि विद्यार्थी दोन दिवस इतरत्र चूक शोधत बसतो.

इथवर तडा जागचा हलला नाही. तो चालवायचा असेल तर सध्या सर्वांत वापरात असलेला मार्ग फेज-फील्डचा. मूळ कल्पना ग्रिफिथची, १९२१ची: भेग वाढायला नवा पृष्ठभाग तयार करण्याची ऊर्जा लागते आणि ती साठलेल्या स्थितिस्थापक ऊर्जेतून येते. फ्रांकफोर्ट आणि मारिगो यांनी १९९८ मध्ये ती ऊर्जा-किमानीकरणाच्या रूपात मांडली. बुर्दँ यांच्यासह २००० मध्ये ती संगणकावर सुटेल अशी झाली. तीक्ष्ण भेगेऐवजी ० ते १ असे बदलणारे ‘हानी’ क्षेत्र घ्यायचे, ० म्हणजे धड आणि १ म्हणजे तुटलेले. ते ज्या रुंदीत पसरते तिला लांबी-मापक म्हणतात. एलिमेंट तोडावे लागत नाहीत, मेश पुन्हा पाडावी लागत नाही, भेग वळली किंवा तिला फाटे फुटले तरी समीकरणे तीच राहतात.

सरावासाठी जगभर एकच गणित वापरतात, श्टुटगार्टच्या मीहे यांच्या गटाने २०१० मध्ये दिलेले. १ × १ मिलिमीटरचा चौकोन, डाव्या कडेपासून मध्यापर्यंत ०.५ मिलिमीटरची खाच, तळ पक्का, वरची कड वर ओढायची. यंग मापांक २१० गिगापास्कल, प्वासाँ गुणोत्तर ०.३, भंग-ऊर्जा (भेगेच्या दर क्षेत्रफळाला लागणारी ऊर्जा) २.७ न्यूटन प्रति मिलिमीटर, लांबी-मापक ०.०१५ किंवा ०.००७५ मिलिमीटर. पहिले ०.००५ मिलिमीटर ओढणे ०.००००१ च्या पायरीने, पुढे पायरी दहापट लहान करायची. कमाल भार १ मिलिमीटर जाडीला सुमारे ०.७ किलोन्यूटन येतो आणि लगेच कोसळतो.

या गणितात मेश कशी ठेवायची ते पाहू. जिथून भेग जाणार तिथे एलिमेंट लांबी-मापकाच्या निम्म्याहून मोठा नको. ०.००७५ साठी ०.००३७५ मिलिमीटर. सगळ्या चौकोनात एवढी बारीक मेश पाडली तर एलिमेंट होतात सुमारे ७१ हजार. तीच मेश खाचेपुढच्या ०.५ × ०.१ मिलिमीटरच्या पट्ट्यातच ठेवली तर त्या पट्ट्यात साडेतीन हजारांच्या आसपास पुरतात, बाकी चौकोन जाड चालतो. प्रयोगशाळेतला ८ जीबी रॅमचा साधा संगणक हे आरामात सोडवतो. निम्मा हा आकडा मात्र किमान अट आहे, आदर्श नाही. मेशच्या जाडीमुळे भंग-ऊर्जा कृत्रिमरीत्या वाढते. नेहमीच्या मॉडेलमध्ये ती वाढ एलिमेंटचा आकार भागिले लांबी-मापकाची दुप्पट, म्हणजे निम्म्याला २५ टक्के आणि पाचव्या हिश्श्याला १० टक्के. भंग-ऊर्जा आधीच त्या प्रमाणात कमी करून घातली तर उत्तर सुधारते.

उत्तर तपासण्याची सोपी पद्धत आहे, पण ती अहवालांत फार क्वचित दिसते. चौकोन पूर्ण तुटल्यावर भेगेत गेलेली एकूण ऊर्जा भंग-ऊर्जा गुणिले उरलेली ०.५ मिलिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर जाडीला १.३५ न्यूटन-मिलिमीटरच्या आसपास यायला हवी (वरची मेशची वाढ धरून). खाच भूमितीतच कापलेली असेल तर हे लागू. खाच हानी = १ असे मांडून दिली असेल, तर तिचीही ऊर्जा मोजली जाते आणि बेरीज २.७ होते. आकडा तिप्पट आला तर हानी भलत्या ठिकाणी पसरली आहे. चित्र कितीही सुबक दिसो.

ती भलत्या ठिकाणी पसरण्याचे नेहमीचे कारण दाब. मूळ मॉडेलला ओढ आणि दाब यांतला फरक कळत नाही. तीन-बिंदू वाकण चाचणीत रोलरखाली पदार्थ चिरडला जातो आणि तिथेच ‘भेग’ उगवते. उपाय म्हणजे ऊर्जेचे ओढीची आणि दाबाची असे दोन भाग करून फक्त ओढीचा भाग भेगेला द्यायचा, आणि रोलरलगतच्या पट्ट्यात हानी शून्य बांधून ठेवायची. दुसरी चूक म्हणजे भेग परत जुळू देणे. भार उतरवला की हानी कमी होते, कारण ‘आजवरची सर्वाधिक ओढ-ऊर्जा’ साठवणारे क्षेत्र प्रत्येक पायरीअखेर अद्ययावत करायचे राहून गेलेले असते. फेनिक्समध्ये ही ओळ विद्यार्थ्याला स्वतः लिहावी लागते, म्हणून ती का हवी हे त्याला एकदा कळले की तो विसरत नाही.

विस्थापन आणि हानी आळीपाळीने सोडवतात: एक गोठवायचे, दुसरे सोडवायचे. प्रत्येक पायरीत एकच फेरी मारली आणि पायरी मोठी ठेवली तर भेग मागे रेंगाळते आणि कमाल भार फुगतो. दोन फेऱ्यांमधला हानीचा फरक ठरावीक मर्यादेखाली जाईपर्यंत फेऱ्या मारायच्या. भार कोसळतो त्या एका पायरीला शंभराहून अधिक फेऱ्या लागू शकतात, ते बिघाडाचे लक्षण नाही. तुटलेल्या भागाची ताठरता शून्य होऊन मॅट्रिक्स अडू नये म्हणून मूळच्या एक-कोट्यंशाएवढी ताठरता शिल्लक ठेवतात. आणि सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारा भाग) स्पष्ट सांगायचा. फेनिक्स आतून वापरते त्या पेट्सी या गणिती संचाची मूळ निवड पुनरावर्ती पद्धतीची (अंदाज सुधारत जाणारी) आहे, ती अर्धवट तुटलेल्या नमुन्यावर अडखळते. द्विमितीत ‘मम्प्स’ हा थेट सॉल्व्हर लावला की प्रश्न मिटतो.

एककांचे काय होते तेही सांगायला हवे. मीहे यांच्या मूळ निबंधात किलोन्यूटन-मिलिमीटर एकके आहेत. विद्यार्थी यंग मापांक २१० लिहितो आणि भंग-ऊर्जा न्यूटनमध्ये २.७ लिहितो. भंग-ऊर्जा हजारपट झाली, तुटायला लागणारा भार सुमारे ३२ पट झाला, भेग हलत नाही आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. न्यूटन, मिलिमीटर, मेगापास्कल एवढेच धरून चालावे. गतिक गणित असेल तर घनता टन प्रति घन मिलिमीटरमध्ये लागते, पोलादाला ७.८५ × १०⁻⁹.

याहून गंभीर चूक म्हणजे २.७ हा आकडा ‘पोलादाची भंग-ऊर्जा’ म्हणून सगळीकडे उतरवला जातो. त्यातून समतल विकृतीत चिवटपणा (तडा वाढू लागतो तो ताण-तीव्रता गुणांक) निघतो फक्त २५ मेगापास्कल √मीटर. पुलाच्या सर्वसाधारण संरचनात्मक पोलादाचा चिवटपणा नेहमीच्या तापमानाला शंभराच्या पुढे असतो आणि ते तुटण्याआधी भरपूर वाहते, त्याला हे ठिसूळ मॉडेल मुळात लागू नाही. रुळाचे पर्लाइटिक पोलाद मात्र ३०-४०च्या घरात असते. ३५ धरला तर भंग-ऊर्जा ५.३ येते. लांबी-मापकही मनाने घ्यायचा नसतो, तो पदार्थाच्या तन्यबलाशी (ओढून तुटण्याच्या ताणाशी) बांधलेला आहे. ८८० मेगापास्कलच्या रुळाला ढोबळमानाने ०.१५ मिलिमीटर, म्हणून एलिमेंट ०.०७५ मिलिमीटरचा. रुळाची उंची १७२ मिलिमीटर. नुसत्या उंचीत २,३०० एलिमेंट. पूर्ण रूळ त्रिमितीत असा सुटत नाही. भेगेभोवतीचा तुकडा बारीक घ्यावा, बाकी रूळ जाड मेशने, आणि तडा जागचा हलण्यापूर्वीचे उत्तर ताण-तीव्रता गुणांकाने ताडून पाहावे.

सिव्हिलच्या विद्यार्थ्यांनी काँक्रीटसाठी हाच हिशेब करून पाहावा. यंग मापांक ३० गिगापास्कल, भंग-ऊर्जा ०.१ न्यूटन प्रति मिलिमीटर, तन्यबल ३ मेगापास्कल. लांबी-मापक येतो ३५ मिलिमीटर! १५० मिलिमीटरच्या घनात एवढी रुंद ‘भेग’ म्हणजे निम्मा घन व्यापला. लांबी-मापक मनाने कमी केला तर मेशचा प्रश्न सुटतो, पण तन्यबल खोटे वाढते. काँक्रीटला म्हणून लुंडच्या हिलरबोर्ग यांनी १९७६ मध्ये मांडलेले संसंजक मॉडेल (भेगेच्या कडा एकदम न सुटता हळूहळू सुटतात असे धरणारे) किंवा त्याची फेज-फील्ड आवृत्ती वापरावी, जिथे तन्यबल आणि भंग-ऊर्जा दोन्ही वेगवेगळी देता येतात.

बसवण्याबद्दल थोडक्यात. फेनिक्सची जुनी मालिका २०१९.१ वर थांबली. नव्या ‘डॉल्फिनेक्स’मध्ये जुने पायथॉन-कोड जसेच्या तसे चालत नाही. इंटरनेटवर सापडणारी बरीच उदाहरणे जुन्या मालिकेतली आहेत, त्यामुळे आवृत्ती पाहूनच उतरवावे. विंडोजवर लिनक्सची उपप्रणाली चालू करून त्यात ‘कोंडा’ या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनामधून बसवणे सर्वांत कमी त्रासाचे. प्रत्येक प्रकल्पाला वेगळे कोंडा-वातावरण ठेवावे, आवृत्त्यांची यादी फाइलमध्ये काढून ठेवावी. सहा महिन्यांनी तेच गणित तिथल्या तिथे पुन्हा चालते ते या यादीमुळेच.

आमची मागणी खर्चाची नाही. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी प्रकल्प-अहवालाच्या नियमांत चार ओळी घालाव्यात: इनपुट फाइल आणि आवृत्त्यांची यादी जोडलेली हवी, किमान तीन मेशवरचे उत्तर एका आलेखात हवे, उत्तर माहीत असलेले एक गणित सोडवलेले हवे, भेग चालवली असेल तर ऊर्जेचा ताळेबंद हवा. यासाठी परीक्षकाला कुठलाही परवाना लागत नाही, फाइल त्याच्याच संगणकावर चालते. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने आयएस ८०० : २००७ या भारतीय मानकावर आधारलेले ‘ओसडॅग’ हे पोलादी संरचनांचे मुक्त सॉफ्टवेअर घडवून दाखवले आहे. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलमधून लिनक्स आणि पायथॉनचे धडे मराठी आवाजात मिळतात. त्यांना आमची विनंती आहे की तडा आणि पदार्थ-हानी यांवरची मालिकाही मराठीत करावी. सुरुवात वर सांगितलेल्या २० मिलिमीटरच्या पट्टीपासून करावी. ज्या महाविद्यालयांना हे गणित येत्या सत्रात लावायचे आहे त्यांनी दोन तासांची दोन प्रात्यक्षिके धरावीत: पहिल्यात बसवणे आणि पट्टी, दुसऱ्यात खाच असलेला चौकोन, तोही आधी ०.०१५ च्या लांबी-मापकाने, म्हणजे तासाच्या आत भार कोसळताना वर्गाला दिसेल.

आपले,
अभियांत्रिकीचे काही अध्यापक, पुणे